हायस्कुलांतील इंग्रजी व गांवची संस्कृति

(महोत्सवानिमित्त शिक्षक व पालक यांच्यापुढें झालेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या प्रसंगीं मागें काय झालें तें पाहावें व पुढें काय करावयाचें तें ठरवावें, अशी आपल्याकडे चाल आहे. त्या चालीस अनुसरून आज मीं असा एक प्रश्न निवडला आहे कीं, जो घरोघरीं रोज उभा राहतो, परंतु ज्याचा निवाडा बहुधा घाईनें होतो. खेड्यांतील हायस्कुलांत शिकणाऱ्या मुलामुलींना विद्येची इंग्रजी कशी शिकवावी, आणि ती शिकवितांना त्यांच्या गांवच्या संस्कृतीचें काय करावें, हा तो प्रश्न होय. विचार हवेंत राहूं नये म्हणून जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यांतील पिंपळगांव रेणुकाई हें गांव व त्याच्या आसपासचा मुलूख मीं डोळ्यांपुढें ठेविला आहे.

'विद्येची इंग्रजी' हे शब्द मीं बुद्ध्याच योजिले आहेत. रस्ता विचारणें, दुकानांत वस्तु मागणें, पाहुण्याचें स्वागत करणें, एवढ्यापुरती एक इंग्रजी असते. कारण सांगणें, तुलना करणें, पुरावा मांडणें, शंका घेणें व निष्कर्ष काढणें यांसाठीं दुसरी इंग्रजी लागते. कॅनडांतील जिम कमिन्स या शिक्षणशास्त्रज्ञानें १९७९ सालीं हा भेद स्पष्ट करून दाखविला. परदेशांतून येऊन तेथील शाळांत बसलेलीं मुलें सुमारें दोन वर्षांत खेळाच्या मैदानावरची भाषा सफाईनें बोलूं लागतात. परंतु अभ्यासाच्या भाषेंत सोबत्यांच्या बरोबरीस येण्यास त्यांना पांच ते सात वर्षें लागतात, असें त्याच्या पाहणींत आढळून आलें. ज्या देशांत चोहोंकडून इंग्रजी कानांवर पडते, त्या देशाची ही स्थिति. पिंपळगांवच्या मुलाच्या कानांवर शाळा सुटल्यानंतर इंग्रजी पडतेच कितीशी? त्याला दोन्ही प्रकारची इंग्रजी एकाच वर्गांत, एकाच पुस्तकांतून व एकाच शिक्षकाकडून घ्यावी लागते.

महाराष्ट्रांत जून २००० पासून मराठी माध्यमाच्या शाळांत पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविण्यास आरंभ झाला. म्हणजे आज दहावीस बसणारा मुलगा दहा वर्षें ती भाषा शिकलेला असतो. पुष्कळ शाळांत गणित व शास्त्र हे विषयही इंग्रजींतून शिकवितात. त्या व्यवस्थेस 'सेमी-इंग्रजी' म्हणतात. असें असूनही अनेकदां असें होतें कीं, गाइडांतील उत्तरें पाठ करून मुलगा उत्तीर्ण होतो, जालन्यास किंवा छत्रपति संभाजीनगरास कॉलेजांत जातो, आणि 'तुझें म्हणणें चार ओळींत कारणांसह लिही' असें सांगतांच त्याची लेखणी अडते. ती शब्दांवाचून अडत नाहीं. शब्द त्यानें पुष्कळ घोकलेले असतात. आपल्या अनुभवांतील गोष्ट या भाषेंत मांडतां येते, हेंच त्याला कोणी दाखविलेलें नसतें. याहून मोठी हानि ही कीं, आपल्याला जें ठाऊक आहे तें ज्ञानच नव्हे, ज्ञान म्हणजे परक्या नांवांनीं भरलेलें कांहींतरी, अशी त्याची समजूत होऊन बसते. ही समजूत मुलाला घरापासून तोडते आणि इंग्रजीपर्यंतही पोंचवीत नाहीं.

मराठवाड्यास ही व्यथा नवी नाहीं. निजामाच्या राजवटींत येथील मुलाची घरची भाषा मराठी, आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ सालीं हैदराबादेस स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठानें एका भारतीय भाषेंतून उच्च शिक्षण देण्याचा पायंडा पाडला, याबद्दल त्याचा गौरव होतो व तो यथार्थ आहे; परंतु भोकरदनच्या शेतकऱ्याच्या मुलास तीही भाषा घरची नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद संस्थान मुक्त झालें, व २३ ऑगस्ट १९५८ रोजीं औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ सुरू झालें. तात्पर्य, आजोबांच्या पिढीस जी नदी उर्दूच्या रूपानें आडवी आली, ती नातवास इंग्रजीच्या रूपानें आडवी येत आहे. एका तीरावर घर आहे व दुसऱ्या तीरावर विद्या आहे. उतार कोठें आहे, एवढेंच शोधावयाचें आहे.

नदीचा उतार शोधण्याची एक खरी गोष्ट याच जिल्ह्यांत घडलेली आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असईची लढाई झाली. शिंदे व नागपूरकर भोसले यांची छावणी केळणा नदीच्या पलीकडे भोकरदनाच्या बाजूनें असईपर्यंत पसरली होती. दक्षिणेकडून आलेला इंग्रज सेनापति आर्थर वेलस्ली (पुढें १८१५ सालीं वॉटर्लू येथें नेपोलियनास हरविणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच) नदी ओलांडण्यास जागा शोधीत होता. जवळपास दुसरा उतार नाहीं, असें वाटाड्यांनीं त्याला सांगितलें. तेव्हां त्याला नदीच्या दोन कांठांवर समोरासमोर वसलेलीं दोन गांवें दिसलीं. इंग्रजी ग्रंथांत त्यांचीं नांवें 'पीपुलगांव' व 'वारूर' अशीं आलीं आहेत. ज्या अर्थीं दोन गांवें समोरासमोर आहेत, त्या अर्थीं त्यांच्यामध्यें जाण्यायेण्याची वाट असलीच पाहिजे, असें त्यानें ताडिलें. आपल्या एंजिनियराकडून खात्री करून घेतली. आणि फौज त्या उतारानें पार नेली.

त्या दिवशीं आपल्या बाजूचा पराभव झाला. त्यांत आनंद मानण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु शिक्षकानें या गोष्टींतील विचाराच्या पायऱ्या नीट पाहाव्या. पहिली पायरी निरीक्षणाची : दोन गांवें समोरासमोर आहेत. दुसरी सर्वसाधारण अनुभवाची : शेजारच्या गांवांत सोयरिक होते, गुरें इकडून तिकडे जातात, बाजारहाट चालतो. तिसरी निष्कर्षाची : म्हणून येथें उतार असलाच पाहिजे. चौथी पडताळ्याची : जाऊन पाहा. विद्येची इंग्रजी म्हणून जें म्हणतात, तें या चार पायऱ्यांहून फारसें निराळें नाहीं. आणि गंमत अशी कीं, दुसऱ्या पायरीवरचें ज्ञान पिंपळगांवच्या मुलापाशीं जितकें आहे, तितकें लंडनच्या मुलापाशीं नाहीं. त्याला कमी पडतात ते केवळ सांधे जोडणारे शब्द : 'सिन्स' म्हणजे ज्या अर्थीं, 'देअरफोर' म्हणजे म्हणून, 'मस्ट' म्हणजे असलाच पाहिजे, 'माइट' म्हणजे असूं शकेल. हे शब्द सुटे पाठ करविले तर परीक्षेनंतर विसरतात. असईच्या उताराबरोबर शिकविले तर मनांत राहतात.

हाच धडा एक पाऊल पुढें नेतां येतो. इंग्रज ग्रंथकारांचें 'पीपुलगांव' कोणतें, असें नववीच्या वर्गास विचारावें. आपल्या गांवाचें नांवही पिंपळगांव असल्यामुळें मुलें प्रथम आनंदानें 'आपलेंच' असें म्हणतील. मग शिक्षकानें म्हणावें, नुसत्या नांवावरून असें म्हणतां येईल काय? पिंपळगांवें महाराष्ट्रांत पुष्कळ आहेत. एवढ्याचसाठीं एकास बसवंत, दुसऱ्यास रेणुकाई, अशीं जोडनांवें पडलीं. मग नकाशा उघडावा, केळणेचा प्रवाह बोटानें दाखवावा, असईपासूनचें अंतर मोजावें, वृद्धांस विचारावें, आणि जें निघेल तें सहा वाक्यांत इंग्रजींतून लिहावें. त्या सहा वाक्यांत दावा, पुरावा, हरकत व निर्णय हीं चारही येतात. कोणत्याही गाइडांत हें उत्तर छापलेलें नसल्यामुळें तें पाठ करण्याचा मोह मुळांतच राहत नाहीं.

दुसरें उदाहरण भोकरदनचें घेतों. प्राचीन काळीं यास भोगवर्धन म्हणत. सांची व भारहुत येथील शिलालेखांत भोगवर्धनच्या दात्यांचा उल्लेख आहे. इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलेलें इटलींतील पाँपेई शहर खणीत असतां १९३८ सालीं तेथें हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ति सांपडली. ती आज नेपल्सच्या वस्तुसंग्रहालयांत आहे. तिची घडण मथुरेकडील असावी, असा आरंभीं तर्क होता. पुढें तेर व भोकरदन येथें तिच्याशीं मिळत्याजुळत्या हस्तिदंती मूर्ती मिळाल्या, तेव्हां ती या मुलखांत घडली असावी, असें विद्वान म्हणूं लागले. भोकरदनच्या बाजारास जाणाऱ्या मुलाला हें सांगितल्यास त्याची छाती फुगेल, यांत नवल नाहीं. परंतु शिक्षकाचें काम तेथें संपत नाहीं. 'ती मूर्ति भोकरदनचीच' हें वाक्य आणि 'ती मूर्ति बहुधा भोकरदनच्या बाजूची असावी' हें वाक्य, यांत कोणतें विद्येस शोभतें, हें मुलांकडून वदवावें. 'प्रॉबेब्ली', 'इट सीम्स', 'सम स्कॉलर्स थिंक' हे शब्द म्हणजे भित्रेपणाचीं लक्षणें नव्हेत. पुरावा असेल तेवढेंच बोलण्याचा तो प्रामाणिकपणा आहे. स्वतःच्या गांवाच्या अभिमानाविषयींही जो मोजून बोलावयास शिकला, तो पुढें कोणत्याही विषयावर मोजून बोलेल.

तिसरें उदाहरण मिरचीचें. पिंपळगांव रेणुकाई हें हिरव्या मिरचीच्या बाजारासाठीं ओळखलें जातें. तोडणी कधीं करावी, माल कसा निवडावा, भाव केव्हां पडतो व केव्हां चढतो, हें तेथील मुलांमुलींस पुस्तकावांचून कळतें. दहावीच्या इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेंत तक्ता देऊन त्यावरून परिच्छेद लिहावयास सांगतात. मग तो तक्ता दूरच्या कोठल्या तरी गोष्टीचा कशाला हवा? मुलांनीं आठ दिवसांचे मिरचीचे भाव, तोडणीची मजुरी व गाडीभाडें लिहून आणावें. फळ्यावर तक्ता मांडावा. आणि भाव का पडला याचीं दोन संभाव्य कारणें इंग्रजींतून लिहावीं. शास्त्राच्या शिक्षकांनीं याच धड्यांत मिरचीचा तिखटपणा ज्या कॅप्सेसिन नामक द्रव्यामुळें येतो त्याची माहिती जोडावी. इतिहासाच्या शिक्षकांनीं सांगावें कीं, मिरची मूळची अमेरिका खंडांतील, आणि सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांच्या व्यापारामुळें ती हिंदुस्थानांत आली. भाषेच्या शिक्षकांनीं सांगावें कीं, इंग्रजींतील 'चिली' हा शब्द मेक्सिकोंतील नाहुआत्ल भाषेंतून आला, आणि आपल्या 'मिरची'चें नातें मिऱ्यांशीं, संस्कृत 'मरीच' शब्दाशीं आहे. जी वस्तु आपण अस्सल गांवची समजतों, तीही कधीं काळीं समुद्र ओलांडून आली, हें कळल्यावर गांव व जग यांच्यांतील भिंत मुलाच्या मनांत आपोआप खालीं येते.

येथें एक सूचना करणें अवश्य आहे. न्यूझीलंडमधील ॲव्हरिल कॉक्सहेड या विदुषीनें विद्याविषयक इंग्रजी लिखाणांत वारंवार येणाऱ्या शब्दांची एक यादी २००० सालीं प्रसिद्ध केली; तींत ५७० शब्दकुळें आहेत. 'अ‍ॅनालाइझ', 'फॅक्टर', 'एव्हिडन्स', 'प्रोसेस' हे शब्द त्यांतलेच. ही यादी मुलांकडून घोकून घेण्याचा मोह होईल, तो आवरावा. ज्या मुलाला 'पृथक्करण', 'घटक', 'पुरावा', 'प्रक्रिया' या मराठी शब्दांचा अर्थ स्वतःच्या उदाहरणानें सांगतां येत नाहीं, त्याला त्यांचे इंग्रजी प्रतिशब्द देणें म्हणजे रिकाम्या पेटीस दुसरें कुलूप लावणें होय. एका भाषेंत कमावलेली विचारशक्ति दुसऱ्या भाषेंत उपयोगी पडते, हा कमिन्सचाच दुसरा सिद्धांत आहे. म्हणून धडा मराठींत बोलून सुरू करावा व इंग्रजींत लिहून संपवावा. यांत कमीपणा नाहीं.

हा मार्ग आपल्या ख्रिस्ती परंपरेसही अपरिचित नाहीं. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास उतरले. ते येथील भाषा शिकले, आणि त्यांचें 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीं छापून निघालें. सुमारें अकरा हजार ओंव्यांचा हा ग्रंथ मराठी वाङ्मयांत मानाचें स्थान पावला आहे. त्यांनीं केलेलें कोंकणी भाषेचें व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० सालीं प्रसिद्ध झालें. परकी भाषा त्यांना साध्य झाली, कारण त्यांनीं नुसते शब्द घेतले नाहींत. ओंवी घेतली, पुराणाची रीत घेतली, श्रोत्यांच्या कानाचें वळण घेतलें. इंग्रजानें मराठीकडे येतांना जें केलें, तेंच आपल्या मुलानें इंग्रजीकडे जातांना उलट दिशेनें करावयाचें आहे. स्वतःचें वळण सोडून देऊन नव्हे, तर तें बरोबर घेऊन त्यानें पलीकडे जावें.

अलीकडचा दाखलाही देतों. अमेरिकेंत ॲरिझोना प्रांतांतील टूसॉन शहरीं लुइस मोल व त्यांचे सहकारी यांनीं मेक्सिकन वंशाच्या कामकरी कुटुंबांचा अभ्यास करून १९९२ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. शिक्षक स्वतः विद्यार्थ्यांच्या घरीं गेले, आणि ज्यांस शाळा मागासलेलीं समजत होती त्या घरांत शेती, बांधकाम, व्यापार व औषधी वनस्पति यांचें पुष्कळ ज्ञान त्यांना आढळलें. त्या ज्ञानावर त्यांनीं वर्गांतील धडे उभारले. आपल्या शिक्षकांनीं वर्षांतून दोनदां विद्यार्थ्यांच्या घरीं जावें, तें केवळ फीची किंवा गैरहजेरीची तक्रार घेऊन नव्हे, तर कांहीं शिकण्याकरितां, एवढीच त्यावरून माझी विनंती आहे.

आतां हरकतींचा विचार करूं. पालक म्हणतील, 'आम्हांला मुलाच्या पोटाची काळजी. गांवची संस्कृति तो घरीं शिकेल, शाळेनें इंग्रजी द्यावी.' या म्हणण्याची थट्टा करणारा मनुष्य शहाणा नव्हे. रूढीनें ज्यांचीं दारें बंद केलीं, त्यांना इंग्रजीनें एक दार उघडून दिलें. सावित्रीबाई फुले यांनीं १८५४ च्या 'काव्यफुले' या संग्रहांत इंग्रजी शिक्षणाचा पुरस्कार केला, तो उगीच नव्हे. परंतु मी संस्कृतीसाठीं इंग्रजीचे तास कापून मागत नाहीं. इंग्रजी पक्की व्हावी म्हणूनच गांवचा विषय मागतों आहें.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे : गांवची संस्कृति म्हणजे कोणाची? पिंपळगांवासारख्या गांवांत सगळ्यांची घरें सारखीं नसतात. कोणाच्या घरीं शेत असतें, कोणाच्या घरीं दुसऱ्याच्या शेतावरची मजुरी असते. तांड्यावरच्या मुलाची मायबोली गोरबोली असते, मुसलमान मुलाच्या घरीं दखनी बोलतात, कोणाचे आईबाप ऊसतोडीस गेलेले असतात. 'आपली संस्कृति' म्हणून शाळेनें एकाच आळीचे सण व एकाच समाजाचा पोशाख मांडला, तर इंग्रजीनें परका केलेला मुलगा स्वतःच्या गांवांतही परका होईल. म्हणून नियम असा असावा कीं, प्रत्येक मुलानें आपल्या घरचें लिहावें. रेणुकामातेच्या नांवाची कथा एकानें लिहावी; तिचें प्रसिद्ध पीठ माहूर येथें आहे, हें त्यानें शोधून काढावें. दुसऱ्यानें नाताळ कसा होतो तें लिहावें, तिसऱ्यानें ईद, चौथ्यानें तांड्यावरची होळी. आणि केवळ सणच नव्हे. पाणी कोठून आणतात, औषध कोणतें देतात, भांडण कसें मिटवितात, हेंही लिहावें. गांवांतील जें वाईट आहे तें झांकूं नये. 'आमच्याकडे अशी चाल आहे' असें लिहिणाऱ्या मुलीस 'ही चाल असावी काय?' असें विचारण्याचा व कारणांसह उत्तर देण्याचा अधिकार ज्या भाषेनें मिळतो, तीच विद्येची भाषा.

मुलीविषयीं आणखी एक शब्द. मायकेल वेस्ट या शिक्षकानें बंगालमधील इंग्रजी शिक्षणाचा अभ्यास करून १९२६ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानें असें विचारलें कीं, जो विद्यार्थी मध्येंच शाळा सोडतो, त्याच्या पदरांत शिकलेल्यापैकीं काय राहतें? पुढें अमुक इयत्तेंत उपयोग होईल, असें म्हणून शिकविलेलें बरेंचसें अशा विद्यार्थ्यास निरुपयोगी ठरतें. दहावीनंतर जिचें शिक्षण थांबतें, अशी मुलगी आपल्या भागांत आजही आहे. तिला पाठ करविलेले निबंध परीक्षेच्या दुसऱ्या दिवशीं संपतात. पण औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचणें, तक्ता समजून घेणें, ऐकलेल्या गोष्टीचा पुरावा मागणें, आपलें म्हणणें दोन भाषांत चार ओळीं लिहिणें, एवढें जर तिला आलें असेल, तर तें संसारांतही तिच्या उपयोगीं पडतें. आपली पद्धति बरी कीं वाईट, हें पहिल्या आलेल्या मुलावरून ठरवूं नये. शाळा सोडून गेलेल्या या मुलीवरून ठरवावें.

शेवटीं करण्याजोग्या तीन गोष्टी सुचवितों. प्रत्येक हायस्कुलानें वर्षाअखेर मुलांनीं गोळा केलेल्या माहितीची एक वही तयार करावी; डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर इंग्रजी. ती छापण्याची गरज नाहीं. पुढच्या वर्षाच्या वर्गास ती वाचावयास द्यावी व तींतील चुका त्यांनीं दुरुस्त कराव्या. दुसरें, धर्मग्रामाच्या वाचनालयांत सायंकाळीं एक टेबल व एक दिवा अशा अभ्यासास मोकळा ठेवावा; तो सर्व धर्मांच्या मुलांस मोकळा असावा. तिसरें, पालकांनीं मुलाला 'इंग्रजींत काय शिकलास?' असें न विचारतां 'आज आपल्याविषयीं इंग्रजींत काय लिहिलेंस?' असें विचारावें. आईला इंग्रजी येत नसली तरी चालेल. उत्तर मराठींत सांगतांना मुलाचा धडा पुन्हा एकदां होतो, आणि आपल्याला ठाऊक असलेलें वहींत गेलें, हें आईलाही कळतें.

केळणेच्या कांठीं उतार पूर्वींपासूनच होता. दोन्ही गांवांचे लोक त्यावरून रोज जात येत असत, आणि परक्यानें तो ओळखला. आपल्या मुलांच्या दोन भाषांमधील उतार तरी आपणच ओळखावा व आपणच दाखवावा.